मोगऱ्याचं पाणी

पडदा काळा झाला तेव्हा फरहीन माझ्या कानात सांगत होती, "डावीकडे, हर्षदा, डावीकडे बघ." डावीकडे बघायला आधी काहीतरी दिसायला तर हवं. आधी गुलाबी-हिरव्या रेघा उठल्या आणि मग सगळं गडप. आवाज मात्र सुरू होता. पावलं ऐकू येत होती, गोळ्या ऐकू येत होत्या, माझ्या चारही मैत्रिणींची आरडाओरड ऐकू येत होती. मी मनात एक, दोन, तीन मोजलं. पडदा परत आला तेव्हा माझा खेळाडू आडवा पडलेला होता आणि आमची टीम मॅच हरलेली होती.

फरहीन आमची कॅप्टन, मिरजेची. मी माहेरची सांगलीची. कॉलेजात असल्यापासून आम्ही एकत्र खेळत आलो होतो आणि तीन वर्षं रडतखडत खेळून आमची पाच जणींची टीम पहिल्यांदाच राज्याच्या फेरीत आली होती. हरलेल्या टीमला अजून एक संधी असते. ती होती रविवारी सकाळी अकराला, आणि हा शुक्रवार होता.

"हर्षदा, हे चौथ्यांदा झालं," फरहीन म्हणाली. "प्रॅक्टिसला तीनदा आणि आज मॅचला."

"मी करते नीट."

"रविवारी दहा वाजेपर्यंत सांग. नाहीतर तुझ्या जागी सिद्धीला बसवते. मला वाईट वाटेल, पण बसवेन."

सिद्धी आमची राखीव खेळाडू. चांगली खेळायची पोरगी, तेच तर दुखणं होतं. एकदा ती बसली असती तर तिला पुन्हा कुणी उठवलं नसतं.

आता ते मशीन मी माझ्या हातानं जोडलं होतं, हे सांगायलाच हवं, म्हणजे माझा जळफळाट कळेल. लग्नाला वर्ष होत आलं होतं. सासर बार्शीचं. मी घरी बसून लग्नपत्रिकांची डिझाईन करून द्यायचे आणि त्या नावाखाली मी हा गेमिंगचा कॉम्प्युटर उभा केला. माझा नवरा धनंजय शाळेत गणित शिकवतो. त्यानं विचारलं होतं, "पत्रिकेवरच्या गणपतीला एवढं दांडगं ग्राफिक्स कार्ड लागतं?" मी म्हटलं, गणपती उठून दिसायला नको का. त्यावर तो गप्प बसला. गप्प बसावं कधी, हे त्याला बरोबर कळतं.

फेब्रुवारीत पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून मी सगळे भाग मांडून बसले, तेव्हा माझे सासरे दारात उभे राहून बघत होते. त्यांना सगळेच आप्पा म्हणतात. आप्पा सूतगिरणीतून वायरमन म्हणून रिटायर झालेले. हे घर बांधलं तेव्हा यातली वायर न् वायर त्यांनी स्वतः ओढलेली. बोलणं अगदी मोजकं. पाऊण तास बघून एवढंच म्हणाले, "एकच स्क्रू गच्च आवळू नगंस. समोरासमोरचे थोडे थोडे आवळ." बरोबर होतं ते. मला इतका आनंद झाला की मी माहेरी फोन करून सांगितलं. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि अडीच-तीन महिने त्यानं हूं की चूं केलं नाही.

पडदा जायला लागला तो मेच्या मध्यात. आणि तोवर आप्पांचं आणि माझं बोलणं बंद पडलं होतं.

ते असं झालं. त्या उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल होते. नळ कधी यायचा ते नळालाच ठाऊक, टँकर चार दिवसांनी. मी नदीकाठची पोरगी, पाणी मोजायची सवय नव्हती. पण एकदा मोजायला लागले की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि इथे तर गाठ नवऱ्याच्या बापाशीच होती. आप्पा रोज सकाळी साडेसहाला बादलीभर पाणी घेऊन परसात जायचे आणि भिंतीलगतच्या मोगऱ्याच्या बुडात ओतायचे. मोगरा म्हणजे नुसतं काष्ठ. सासूबाईंनी लावलेला. त्या आमच्या लग्नाआधी दोन वर्षं गेल्या आणि मागोमाग मोगराही वाळला. तरी आप्पा पाणी घालायचे आणि मिनिटभर तिथेच उभे राहायचे. गल्लीत सगळ्यांना कौतुक. शेजारच्या बारबोले काकू भिंतीवरून बघायच्या आणि डोळ्याला पदर लावायच्या.

एप्रिल संपता संपता एका सकाळी पिंपाचा तळ दिसायला लागला होता आणि आप्पा आपले बादली घेऊन निघाले. मी म्हणाले, "आप्पा, तो मोगरा काय आता फुटणार आहे का? इथे जितीजागती माणसं पाण्यावाचून बसलीत." काकू भिंतीपलीकडे होत्या. त्यांनी ऐकलं. आप्पांना दिसलं की काकूंनी ऐकलंय.

"बरं," आप्पा म्हणाले. बादली परत आणून त्यांनी पिंपात ओतली, थेंब न सांडता. त्या दिवसापासून ते परसात गेले नाहीत, आणि माझ्याशी बोलायचे ते 'हं' आणि 'नको', बस्स. धनंजय म्हणाला, "तू आईच्या झाडावर गेलीस, हर्षू." मला काय कळत नव्हतं? रोज सकाळी मी ठरवायचे की आज चहा देताना माफी मागायची. आणि रोज नुसता चहा देऊन परत यायचे. मी हट्टी, ते अबोल. अशी माणसं एका घरात असली की कठीण असतं.

तर शुक्रवारी मॅच हरल्यावर मी पदर खोचला. पदर कसला, ओढणी. केबल बदलली. ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवलं. रॅमच्या सोनेरी पट्ट्या धनंजयच्या शाळेच्या खोडरबरानं घासून लख्ख केल्या. कार्ड चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुसून नव्यानं टाकलं, मग नवं पुसून जुनं टाकलं. प्रत्येक वेळी अर्धा तास सगळं गोड चालायचं, मला वाटायचं जितं मया, आणि मग गुलाबी-हिरव्या रेघा. माझ्या डोळ्यात पाणी यायचं. दुःखानं नाही, रागानं.

"तू जेवून घे," धनंजय म्हणाला.

"तू गणित घाल मला. पडदा जातो, पण मशीन बंद पडत नाही, आवाज चालू राहतो. म्हणजे काय?"

"म्हणजे मशीन ठीक आहे."

"पुढे?"

"पुढचं मला येत नाही. जेवून घे."

शनिवारी सकाळी नऊला मला धागा सापडला. मी पडद्याकडे टक लावून बसले होते आणि स्वयंपाकघरात फ्रिजनं घुर्र केलं. त्याच क्षणी रेघा. मी उठून उभी राहिले. धनंजयला फ्रिजशी उभं केलं, त्याला बटण बंद-चालू करायला लावलं. चारदा चालू केला की एकदा तरी पडदा गेलाच. मी त्याला मिठी मारली. सापडलं होतं. फ्रिज विजेला धक्का देतो आणि माझा पडदा जातो. मग काय, बारबोले काकूंचा स्टॅबिलायझर उसना आणला, जोडला. पडदा गेला. मग फ्रिजच बंद करून टाकला. तासभर पडदा तसूभर हलला नाही. मी फरहीनला मेसेज लिहायला घेतला, 'झालं गं बाई', आणि तेवढ्यात काकूंनी गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर लावली. पडदा काळा. शेजारच्या घरातली मोटर, आणि माझा पडदा काळा.

आता काकूंची मोटर काय मी बंद करायला जाणार? आणि त्यापलीकडची पिठाची गिरणी, समोरच्यांचा कूलर, सगळी गल्ली? मी खुर्चीत बसले ती बसलेच. दुपारचे दोन वाजले होते. मी 'झालं गं बाई' पुसलं आणि लिहिलं, 'सिद्धीला बसव.' पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. अंगठा काही खाली जात नव्हता.

दारात आप्पा उभे होते.

"फ्रिज कुणी बंद केलाय?" तीन-साडेतीन आठवड्यांत त्यांचं माझ्याशी हे पहिलं वाक्य.

"मी. करते चालू."

"दूध नासलं."

"आप्पा, माझं चुकलं." मला दुधाबद्दल म्हणायचं होतं आणि नव्हतंही. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं, मॅच, सिद्धी, रेघा, फ्रिज, काकूंची मोटर. त्यांना त्यातलं निम्मं कळलं नसणार. पण मोटर म्हटल्यावर त्यांची मान वर झाली. ते आत आले, वाकून पडद्याच्या मागच्या वायरी बघायला लागले, आणि आधाराला म्हणून त्यांनी हात कॅबिनेटच्या पत्र्यावर ठेवला. हात लगेच उचलला. तळहाताकडे बघितलं. पुन्हा ठेवला, बोटांची मागची बाजू, अगदी हलकी.

"हे कधीपासनं हाय?"

"काय?"

"पायातलं काढ."

माझ्या टाचांना भेगा, म्हणून मी घरात कायम रबरी सपाता घालते. मी त्या काढल्या. उघडी फरशी पायांना गार लागली.

"आता हात लाव. मागच्या बाजूनं."

मी लावला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. बारीक, झिणझिण करणाऱ्या. मी आठवडाभर त्या मशीनच्या उरावर बसले होते, आत हात घालत होते, आणि सपातांमुळे मला पत्ता नव्हता. धनंजय पलंगावर मांडी घालून बसायचा, त्याला तर प्रश्नच नव्हता.

आप्पा माळ्याकडे गेले. वर चढायला मी पुढे झाले तर हातानंच थांबवलं. खाकी पिशवी काढली, सूतगिरणीतली. त्यातून निघाला एक साधा पिवळा बल्ब, होल्डरला दोन वायरी. मशीनचा प्लग काढून त्यांनी त्या वायरी सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत घातल्या. बल्ब भक्कन पेटला. मग एक वायर काढून वरच्या जाड भोकात घातली. बल्बची तार नुसती लाल झाली, विझत आलेल्या निखाऱ्याएवढी.

"हे वरचं भोक अर्थिंगचं," ते म्हणाले. "इथंबी तेवढाच उजेड पडाया पाहिजे. घराचं अर्थिंग गेलंय. नको ती वीज जमिनीत जायाची ती जाईना, म्हणून ती तुझ्या पत्र्यावर चढून बसलीय. कुणी कुठं मोटर लावली की तुझ्या पडद्याला धक्का."

"मग नीट होईल?"

आप्पा माझ्या खुर्चीत बसले. त्या गेमिंगच्या लाल-काळ्या खुर्चीत धोतरातले आप्पा. बल्ब हातात तसाच.

"मी परसात जायचं कवा बंद केलं?"

हे काय मध्येच, असं मला वाटलं. पण तारीख मला पाठ होती, कारण तेव्हापासूनचे दिवस मी मोजत होते. "अठ्ठावीस एप्रिल."

"आणि हे पडदा जायाचं?"

"पंधरा मे."

"व्हय. दोन-अडीच आठवडे ओल टिकली असंल." ते उठले. "खुरपं घेऊन चल."

परसात ऊन रणरणत होतं. आप्पा मोगऱ्याच्या काष्ठापाशी उकिडवे बसले आणि खुरप्यानं माती उकरू लागले. माती कडक, पापुद्रे धरलेली. वीतभर खाली लोखंडी पाइपचं तोंड निघालं, त्याला भिंतीतून आलेली गंजकी पट्टी बोल्टनं आवळलेली. मी बघतच राहिले.

"सात फूट खोल हाय," आप्पा म्हणाले. "भोवतीनं मीठ आणि कोळसा. घर बांधलं तवा घातलं. ह्याला ओल लागती बघ. माती वाळली की अर्थिंग मेलं. उन्हाळ्यात रोज पाणी पाहिजे."

धनंजयही आला होता. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही रोज पाणी घालत होता ते ह्याला?"

"आदी तुझी आई घालायची. मी शिफ्टला असायचो. तिला म्हटलं, सकाळी साडेसहाला बादलीभर इथं वत, तीस वर्षं वतली तिनं. म्हणाली, रोज मातीतच वतायचं तर त्यावर काहीतरी येऊ दे. म्हणून मोगरा लावला."

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत," मी म्हणाले. "मी तसं बोलले तेव्हा तरी सांगायचं होतं की अर्थिंग आहे म्हणून. मी गप बसले असते."

आप्पा माती चिमटीत घेऊन बघत होते. "ती गेल्यावर मी घालाया लागलो. लोक म्हणाया लागले, आप्पा बायकोच्या मोगऱ्याला पाणी घालत्यात. मी व्हय म्हणायचो. ऐकाया बरं वाटायचं. आता तू बोललीस तवा काय सांगू? मोगऱ्याला न्हाई, पाइपला घालतो?" मग म्हणाले, "राग आला, बंद केलं. वायरमननं असं करायचं नसतं. घरात लेकरं वागत्यात, अर्थिंगवर राग काढायचा न्हाई. ते माझं चुकलं."

मी उन्हात उभी. माझं चुकलं हे माझं वाक्य होतं आणि ते त्यांनी आधी म्हणून टाकलं. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले आणि म्हणाले, "आप्पा, मी काकूंसमोर तसं बोलायला नको होतं. रोज चहा देताना मला हे म्हणायचं होतं."

"म्हाईत हाय," आप्पा म्हणाले. "रोज चहात साखर जास्त पडायची."

धनंजय हसला, मग मी हसले. आप्पा हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या.

मग जी धावपळ सुरू झाली ती काय सांगू. पिंपात पाणी होतं पावणेदोन दिवसांचं, टँकर सोमवारी संध्याकाळी. पाण्याचा थेंब न् थेंब मोजणारी मी म्हणाले, ओता. आप्पांनी माझ्याकडे बघून खात्री केली. मी म्हटलं, ओता हो, अंघोळी गेल्या खड्ड्यात, आणि खरंच त्या खड्ड्यात गेल्या. धनंजयला बल्ब घेऊन सॉकेटपाशी बसवलं, मी खिडकीत, आप्पा पाइपशी. बादली ओतली की माती भस्सकन आवाज करून पाणी प्यायची. एक बादली, दोन, तीन.

"काय झालं?" मी ओरडले.

"लालच," धनंजय आतून.

चौथी. पाचवी. आम्ही थांबलो. पाणी मुरायला वेळ द्यावा लागतो, आप्पा म्हणाले. पंधरा मिनिटं तिघांपैकी कुणी हललं नाही.

"नारिंगी," आतून आवाज आला. "हर्षू, नारिंगी झालाय."

मी खिडकीतून उडी मारून आत गेले. खरंच नारिंगी होता. पण सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत पेटतो तसा पिवळाधमक नव्हता. अजून निम्माच. मी परत परसात आले. आप्पा पाइपशी बसून होते.

"नुसत्या पाण्यानं एवढंच व्हईल," ते म्हणाले. "मीठ लागंल. जाडं."

मी बरणी घेऊन धावत आले. लोणच्याला आणलेलं खडे मीठ, दोन किलो भरेल एवढं. आप्पांनी बरणी हातात घेतली आणि ती तशीच धरून बसले. झाकण काढेनात.

"काय झालं, आप्पा?"

"दर दोन वर्षांनी घालायचं असतं हे. ती कधी घालू द्यायची न्हाई. मोगरा जळंल म्हणायची. पाणी पाहिजे तेवढं वतते, पण मीठ घालायचं न्हाई. तिच्यापुढं माझं काय चालंना." त्यांनी बरणी मांडीवर ठेवली. "ती गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी घातलं. तवा नियम म्हणून घातलं. पंधरा दिवसांत मोगरा गेला."

म्हणजे मोगरा सासूबाईंच्या मागोमाग वाळला, असं जे अख्खी गल्ली गहिवरून सांगायची, ते असं होतं. धनंजय मागे येऊन उभा राहिला होता. त्यालाही हे ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसलं. मला एकदम फार वाईट वाटलं. रोज पाणी घालून मिनिटभर उभे राहणारे आप्पा मला नव्यानं दिसले.

"राहू द्या मीठ," मी म्हणाले. "सिद्धी खेळेल उद्या. टँकर आला की नुसतं पाणीच घालत राहू."

"येडी हायस काय? मेलंय ते झाड."

"मग मेलेलंच. पण तुमच्या हातानं पुन्हा नको."

आप्पा तरी बरणी उघडेनात. मग मी खुरपं घेतलं. मोगऱ्याच्या भोवतीची माती आता ओली झाली होती, मऊ. मी गोलाकार उकरत गेले आणि ते काष्ठ मुळांसकट अलगद उचललं. हलकं होतं, वाळक्या सरपणाएवढं. चार हात लांब, चाफ्याच्या सावलीला मी खड्डा करून ते रोवलं आणि माती दाबून बसवली. वर तांब्याभर पाणी घातलं.

"आता घाला," मी म्हणाले. "त्याच्या अंगावर पडणार नाही."

आप्पांनी एकदा चाफ्याकडे बघितलं. मग झाकण उघडलं आणि सगळं मीठ पाइपच्या भोवती गोल ओतलं. वर मी दोन बादल्या पाणी. संध्याकाळी साडेसहाला धनंजयनं आतून हाक मारली. आम्ही गेलो तर बल्ब असा पेटला होता की तारेकडे बघवत नव्हतं. आप्पांनी वायर खालच्या भोकात घातली, मग वरच्या, पुन्हा खालच्या. दोन्हीकडे सारखाच. मी अनवाणी उभी राहून कॅबिनेटला तळहात लावला. थंडगार पत्रा, बाकी काही नाही. मी 'सिद्धीला बसव' पुसलं आणि फरहीनला कळवलं की मी खेळतेय.

"काय होतं गं?" तिनं विचारलं.

"घराखालची जमीन वाळली होती."

"काय?"

"उद्या सांगते."

रविवारी कुणी अंघोळ केली नाही. तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, तोंड धुतलेलं सगळं पाणी एका बादलीत साठलं होतं, ती घेऊन आप्पा साडेदहालाच पाइपशी जाऊन बसले. डोक्याला टॉवेल, हातात मग. मी म्हटलं, आप्पा, आता गरज नाही, ओल आहे. ते म्हणाले, "तू तुझं बघ." मी सपाता काढून ठेवल्या आणि उघडे पाय फरशीला टेकवून बसले. त्याचा काही उपयोग नव्हता, पण मला तसंच बसायचं होतं.

मॅच चाळीस मिनिटं चालली. पहिली पंधरा मी खेळलेच नाही म्हणा, पडद्याचीच वाट बघत बसले होते. फ्रिज घुरघुरला. काही झालं नाही. समोरच्यांचा कूलर सुरू झाला. काही झालं नाही. मग मी खेळायला लागले. शेवटच्या डावात आमच्या तिघी गेल्या, राहिलो मी आणि फरहीन, समोर तिघी. "डावीकडे, हर्षदा," फरहीन म्हणाली. आणि नेमकी तेव्हाच बारबोले काकूंच्या मोटरनं गुरगुर सुरू केली. मला ती हेडफोनमधूनही ऐकू आली. मी डावीकडे वळले. डावी बाजू लख्ख दिसत होती, भिंत, दार, दारातली ती. मी मारली तिला. दुसरीला फरहीननं. तिसरी जिन्यात सापडली.

कानात चौघी किंचाळत होत्या. मी हेडफोन फेकून परसात धावले, अनवाणी, ओरडत.

आप्पा मगानं पाणी ओतत होते. धार बारीक, एका लयीत. त्यांनी वर बघितलं.

"गेला का पडदा?"

"नाही. एकदाही नाही."

"मग ओरडायलीस कशाला एवढी?" असं म्हणून त्यांनी मग माझ्या हातात दिला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "उद्यापासनं तू घाल. तुझ्या मशीनला लागतंय. साडेसहाची वेळ होती तुझ्या सासूची."

पुढच्या फेरीत आम्ही सपाटून हरलो, ते जाऊ दे. चाफ्याखालचा मोगरा काही फुटला नाही. मी त्या पावसाळ्यात शेजारी नवीन रोप लावलं, ते चांगलं धरलं आणि आप्पांनी तीन उन्हाळे त्याची फुलं बघितली. सकाळी बादली मी न्यायचे, ते मागून तपासायला यायचे.

आप्पा जाऊन आता पाच वर्षं झाली. गेल्या वर्षी घराची वायरिंग नव्यानं केली. नवीन वायरमननं तो जुना पाइप तोडून दुसरीकडे नव्या पद्धतीचं अर्थिंग बसवलं. ह्यात पावडर असते ताई, म्हणाला, ह्याला पाणी लागत नाही, कधीच नाही. मी त्याच्याकडून बल्ब लावून बघितला. दोन्हीकडे सारखाच पेटला.

मी सकाळी साडेसहाला बादली घेऊन परसात जाते. नव्या मोगऱ्याला थोडं घालते आणि उरलेलं जुन्या जागी, भिंतीलगत, ओतते. तिथे आता काही नाही. बारबोले काकू थकल्यात, पण अजून भिंतीवरून बघतात. परवा म्हणाल्या, "अगं हर्षदा, मोकळ्या मातीत कशाला ओततेस रोज?"

"अर्थिंगला लागतं, काकू," मी म्हणाले.